फ्रेंच भाषेतले ‘पुरे’

परकी भाषा शिकावयास बसलेला विद्यार्थी आरंभी मागण्याचे शब्द शिकतो. पाणी द्या, वाट सांगा, भाव काय, गाडी किती वाजता सुटते, ही वाक्ये त्याला पहिल्या महिन्यातच मुखोद्गत होतात. ‘पुरे’ हा शब्द मात्र त्याच्या वाट्यास उशिरा येतो, आणि आला तरी पाठ्यपुस्तकात त्याला एखाददुसऱ्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही. वास्तविक पाहता ज्याला ‘आणखी’ म्हणता येते पण ‘पुरे’ म्हणता येत नाही, त्याला परक्या घरी जेवावयास बसणेही अवघड जाते. मग त्या देशाचा इतिहास समजणे दूरच राहिले.

मराठी घरातले ‘पुरे’ उच्चाराने एकच असते. पंगतीत पानावर आडवा हात धरून म्हटलेले ‘पुरे’, भांडणाऱ्या नातवंडांना आजीने दटावून म्हटलेले ‘पुरे’ आणि सावकाराच्या जाचाने मेटाकुटीस आलेल्या कुळाने मनातल्या मनात म्हटलेले ‘पुरे’, यांतील भेद आवाजावरून व प्रसंगावरून ओळखावयाचा. फ्रेंच भाषेने या तीन प्रसंगांसाठी निरनिराळे शब्दप्रयोग राखून ठेवले आहेत. पाहुण्याचे ‘पुरे’ वेगळे, अधिकाऱ्याचे वेगळे आणि सोसणाऱ्याचे वेगळे. कोणते कोणी कोणापुढे उच्चारावे याचे नियम कोठे लिहिलेले नाहीत. तथापि ते मोडले गेले की ऐकणारा चमकतो. फ्रान्सच्या गेल्या सव्वादोनशे वर्षांच्या इतिहासात हे नियम अनेकदा मोडले गेले, आणि ते ज्या ज्या वेळी मोडले गेले त्या त्या वेळी राज्यकर्त्यांना त्याची दखल घ्यावी लागली.

या शब्दांच्या घराण्यातील सर्वांत वडीलधारा शब्द म्हणजे ‘असे’. मराठी कानाला तो आपल्या ‘असे’सारखाच ऐकू येतो आणि विद्यार्थ्याचा प्रथम गोंधळ उडतो, पण दोघांचे नाते काही नाही. लॅटिन भाषेत ‘सातिस’ म्हणजे पुरेसे. त्याच्याआधी ‘आद्’ हे अव्यय लागून कालांतराने हा शब्द सिद्ध झाला. मौजेची गोष्ट अशी की मध्ययुगीन फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘पुष्कळ’ असा होता. त्याचा इटालियन भाऊ ‘आस्साई’ अद्यापही ‘पुष्कळ’ याच अर्थाने नांदतो. फ्रेंच शब्द मात्र शतकानुशतके पायऱ्या उतरत ‘पुष्कळ’वरून ‘पुरेसे’वर आला, आणि विशेषणाच्या मागे उभा राहिला की आणखी एक पायरी उतरून ‘बऱ्यापैकी’ एवढाच अर्थ सांगू लागला. फ्रान्समधील बाकालोरेआ या शालान्त परीक्षेत २० पैकी १२ ते १४ गुण मिळविणाऱ्यास ‘असे बिएँ’ असा शेरा मिळतो. शब्दशः पाहिल्यास तो ‘पुरेसे चांगले’ असा होतो. प्रत्यक्षात गौरवाच्या शेऱ्यांतील ती सर्वांत खालची पायरी होय.

आता जेवणाच्या मेजावर काय म्हणावयाचे? येथे नवशिक्याची पहिली फजिती होते. पाहुण्यास पुन्हा वाढावयास आलेल्या यजमानिणीला नुसते ‘मेर्सी’ म्हटले आणि हात किंचित हलविला तर त्याचा अर्थ ‘आभारी आहे, नको’ असा होतो. आणखी हवे असेल तर ‘होय, कृपा करून’ असे स्पष्ट म्हणावे लागते. पोट भरले हे सांगण्यासाठी पुष्कळजण ‘झ स्वी प्लें’ म्हणजे ‘मी भरलो’ असे शब्दास शब्द ठेवून बोलून जातात. परंतु बोलीत ‘भरलेला’ म्हणजे मद्याने तर्र झालेला, आणि त्याच विशेषणाचे स्त्रीलिंगी रूप जनावरासंबंधी वापरले तर ‘गाभण’ असा अर्थ होतो. म्हणून सभ्य पाहुणा ‘फार छान झाले होते, पण आता भूक राहिली नाही’ असे म्हणतो. दुकानात वाण्याने ‘आणखी काही?’ असे विचारले तर ‘सा इरा, मेर्सी’ म्हणजे ‘एवढ्याने भागेल, आभारी आहे’ हे उत्तर सर्वत्र चालते. ‘सा इरा’ या दोन शब्दांचा सरळ अर्थ ‘ते चालेल, ते होईल’ असा आहे. १७९० मध्ये पॅरिसच्या रस्त्यांतून घुमलेल्या क्रांतिगीताचे नाव हेच होते. ज्या शब्दांनी त्या काळी सरदारांच्या उरात धडकी भरविली, तेच शब्द आज शेरभर बटाटे घेऊन पिशवी बंद करताना वापरले जातात.

पाहुण्याने मात्र एक शब्द चुकूनही तोंडातून काढू नये. तो म्हणजे ‘सा स्युफी’. कोशात त्याचा अर्थ ‘एवढे पुरेसे आहे’ असाच दिलेला आढळतो आणि व्याकरणदृष्ट्या तो निर्दोष आहे. परंतु मोठ्या आवाजात, एकट्याने उभा केला की तो हुकूम होतो. दंगा करणाऱ्या मुलांना आई म्हणते ती ‘सा स्युफी’. वर्गात गलका झाला की मास्तर फळ्यावर डस्टर आपटून म्हणतात तेही हेच. यात बोलणाऱ्याचा ‘मी’ कोठेही येत नाही. ‘मला त्रास होतो’ असे ते वाक्य सांगत नाही; मर्यादा संपली असा निवाडा ते देते. सतराव्या शतकातील फ्रेंच नाटकांतही ‘इल स्युफी’ असे याचे जुने रूप भेटते, आणि तेथेही संभाषण तोडण्याचा अधिकार ज्याला असतो त्याच्याच मुखी ते शोभून दिसते. उलटपक्षी सोसणाऱ्याचा शब्दप्रयोग ‘झां ने असे’ असा आहे. ‘मला याचे पुरे झाले’ हा त्याचा अर्थ. यात ‘मी’ आहे, माझा थकवा आहे, पण समोरच्यास थांबविण्याचे सामर्थ्य नाही. एक वाक्य वरून खाली येते, दुसरे खालून वर जाऊ पाहते. हा भेद ध्यानात धरला म्हणजे फ्रेंच इतिहासातील कित्येक प्रसंग निराळ्या प्रकाशात दिसू लागतात.

राजेशाहीच्या काळी प्रजेला ‘पुरे’ म्हणण्याची सोय नव्हती. १७८९ च्या वसंत ऋतूत सोळाव्या लुईने सर्व वर्गांची सभा बोलाविली, त्या वेळी गावोगाव लोकांनी आपली गाऱ्हाणी वह्यांत लिहून पाठविली. अशा सुमारे ६०,००० वह्या तयार झाल्या. मिठावरील कर, धर्मपीठाचा दशमांश, उमरावांचे शिकारीचे हक्क, इतकेच नव्हे तर सरदारांच्या कबुतरखान्यातील पाखरे पेरलेले बी टिपून नेतात ही तक्रारसुद्धा त्यांत आहे. दुःखे इतकी उघड असूनही भाषा मात्र विनवणीची आहे. राजा हा पित्यासमान, तो कनवाळू आहे, त्याच्या कानी हे गेले नसावे, त्याने कृपावंत होऊन लक्ष घालावे, असा बहुतेक सूर. जाच असह्य झालेल्या माणसालाही त्या कागदावर ‘कृपा करा’ एवढेच म्हणता येत होते. पुढे तीनच महिन्यांत पारडे फिरले. २३ जून रोजी व्हर्साय येथे राजाने प्रतिनिधींना आपापल्या दालनात निघून जाण्याची आज्ञा केली आणि तिसऱ्या वर्गाचे प्रतिनिधी जागचे हलले नाहीत. ४ ऑगस्टच्या रात्री सरंजामी हक्क रद्द करण्याचे ठराव झाले व कबुतरांचा प्रश्नही त्यात निकालात निघाला.

राजाला ‘पुरे’ म्हणून झाल्यावर दुसरा, अधिक बिकट प्रश्न उभा राहिला. खुद्द क्रांतीला ‘पुरे’ कोणी म्हणावयाचे? जून १७९१ मध्ये राजा पळून जात असता व्हारेन येथे पकडला गेला. त्यानंतर १५ जुलै रोजी बार्नाव्ह या तरुण प्रतिनिधीने राष्ट्रसभेला विचारले की, आपण क्रांती संपविणार आहोत की ती नव्याने आरंभणार आहोत? वय अवघे एकोणतीस, वक्तृत्व अस्खलित, आणि प्रश्न अगदी नेमका. परंतु थांबण्याची वेळ आली असे सांगण्याइतकी सत्ता त्याच्यापाशी नव्हती. नोव्हेंबर १७९३ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कामिय देमुलां याने आपल्या वृत्तपत्रातून दयेची समिती नेमावी अशी मागणी केली. रक्तपात पुरे, हाच तिचा मथितार्थ. ५ एप्रिल १७९४ रोजी दांतोंबरोबर तोही वधस्तंभावर चढला. जुलैअखेर रोब्सपिएरचा पाडाव झाला तेव्हा सभागृहात जो गदारोळ उठला त्यात त्याला बोलूच दिले गेले नाही. अखेर १५ डिसेंबर १७९९ च्या जाहीरनाम्यात बोनापार्ट व त्याच्या सहकारी कॉन्सलांनी क्रांती संपली असे घोषित केले. जे म्हटल्याबद्दल बार्नाव्हने प्राण गमावले तेच आठ वर्षांनी एका सेनापतीने म्हटले आणि ते मानले गेले. शब्द तेच होते. पण आता त्यांच्या पाठीशी पलटणी उभ्या होत्या.

एकोणिसाव्या शतकात हे घराणे पॅरिसच्या गल्लीबोळांत वाढले. चाळीसारख्या उंच इमारतींच्या मधल्या चौकात फिरते गवई येऊन गात आणि वरच्या मजल्यांवरील बिऱ्हाडकरू खिडकीतून त्यांना पैसे टाकीत. त्यावरून ‘नां झते प्ल्यु, ला कूर ए प्लेन’ ही म्हण निघाली. ‘आणखी टाकू नका, चौक भरला’ हा तिचा अर्थ. संकटावर संकट कोसळू लागले किंवा कोणी स्तुतीचा भडिमार चालविला की ती उपरोधाने वापरतात. ‘झां ने सुपे’ म्हणजे ‘याचे रात्रीचे जेवणसुद्धा करून झाले’, ही कंटाळ्याची तऱ्हाही त्याच शतकातील. आणि शतक सरता सरता बोलीत ‘मार’ हा शब्द आला. ‘झां ने मार’ म्हणजे मी याला विटलो. या ‘मार’च्या व्युत्पत्तीविषयी कोशकारांचे एकमत नाही, पण आज फ्रान्समध्ये हा प्रयोग शाळकरी मुलापासून आजोबांपर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. १९२१ मध्ये मिस्तँगेत या गायिकेने याच नावाचे गाणे रंगभूमीवरून गाजविले, आणि गल्लीतला शब्द दिवाणखान्यात जाऊन बसला.

तत्पूर्वी या भावनेने एक भयंकर परीक्षा दिली होती. १६ एप्रिल १९१७ रोजी जनरल निव्हेल याने शमें दे दाम या टेकड्यांच्या रांगेवर मोठी चढाई केली. दोन दिवसांत शत्रूची फळी फुटेल असे त्याचे आश्वासन होते. फळी फुटली नाही. काही दिवसांतच मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून फ्रेंचांचे लाखाहून अधिक सैनिक कामास आले. त्यानंतरच्या आठवड्यांत पलटणींमागून पलटणी पुन्हा चढाईस जाण्याचे नाकारू लागल्या. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की बहुतेकांनी खंदक सोडले नाहीत. शत्रू आला तर त्याला अडवू, पण निरर्थक हल्ल्यात मरावयास जाणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ते सोसणाऱ्याचे ‘पुरे’ होते. त्यांना घरी जाण्याची रजा, बरे अन्न आणि जिवाची काही किंमत हवी होती. १५ मे रोजी निव्हेलच्या जागी पेतां आला. त्याने चढाया थांबविल्या, रजा वाढविल्या, अन्नाची व्यवस्था सुधारली. त्याचबरोबर लष्करी न्यायालयांनी पाचशेंहून अधिक मृत्युदंड सुनावले. त्यांपैकी प्रत्यक्षात अमलात आले ते पन्नासाच्या आत. मागणी मान्य झाली, पण मागणाऱ्याला शिक्षाही झाली. या सैनिकांना राष्ट्राच्या स्मृतीत पुन्हा स्थान मिळावे असे फ्रान्सच्या पंतप्रधानाने, लिओनेल जोस्पँ याने, क्रान या गावी उघडपणे म्हटले ते ५ नोव्हेंबर १९९८ रोजी. मधे एक्याऐंशी वर्षे लोटली होती.

सोसण्याची सीमा सांगताना फ्रेंच मनुष्य बहुधा पाण्याची आणि भांड्याची उपमा घेतो. ‘ला कुप ए प्लेन’ म्हणजे पेला भरला. मराठीत पापाचा घडा भरतो. तेथे पाप दुसऱ्याचे असते, आणि फ्रेंच पेल्यात भरलेले असते ते आपले सोसणे. शेवटचा थेंब पडतो आणि भांडे वाहू लागते, अशीही एक म्हण तिकडे आहे. ‘डोक्यावरून गेले’ या अर्थी ‘पार द्स्यु ला तेत’ असे ते म्हणतात; मराठी माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही, कारण त्याचेही पाणी डोक्यावरूनच जाते. कित्येकदा फ्रेंच बोलणारा शब्द न उच्चारता कपाळावरून मागे असा आडवा तळवा फिरवितो, आणि तेवढ्याने काम भागते. इटालियनांचा ‘बास्ता’ही त्यांनी उचलला आहे, जसा मराठीने फारसीतून ‘बस’ उचलला. आपल्या घरचा शब्द वापरून वापरून बोथट झाला की माणसे शेजाऱ्याचा धारदार शब्द उसना आणतात.

असो. ‘सा स्युफी’ हे वरून खाली येणारे वाक्य उलटे फिरले ते मे १९६८ मध्ये. दहा वर्षांपूर्वी, १३ मे १९५८ रोजी, अल्जियर्समधील उठावामुळे चौथे प्रजासत्ताक कोलमडले आणि शार्ल द गॉल पुन्हा सत्तेवर येण्याचा मार्ग मोकळा झाला. १९६८ साली विद्यार्थ्यांवर झालेल्या पोलिसी कारवाईच्या निषेधार्थ कामगार संघांनी हरताळ पुकारला, तो नेमका १३ मे याच दिवशी. पॅरिसच्या रस्त्यांवर लाखो लोक उतरले, आणि त्यांच्या घोषणांत एक होती: ‘दिझां, सा स्युफी’. दहा वर्षे, एवढे पुरे! आजवर जे वाक्य मास्तर वर्गाला ऐकवीत ते वर्गाने मास्तरांना ऐकविले. ‘आम्ही कंटाळलो’ असे त्या जमावाने म्हटले असते तर ती तक्रार ठरली असती. त्याने निवाडाच सांगितला. द गॉल हा भाषेचा जाणकार होता. ही उलटापालट त्याच्या ध्यानात आली नसेल असे मानणे कठीण आहे.

पुढील काही दिवसांत लक्षावधी कामगारांनी काम थांबविले. ३० मे रोजी द गॉलने उत्तर दिले ते नभोवाणीवरून. चित्रवाणी उपलब्ध असूनही त्याने केवळ आवाजाचा आश्रय घेतला. भाषण काही मिनिटांचेच होते: आपण पद सोडणार नाही, लोकसभा विसर्जित करीत आहोत. त्याच सायंकाळी त्याचे पाठीराखे प्रचंड संख्येने रस्त्यावर आले आणि जूनमधील निवडणुकीत त्याच्या पक्षास भक्कम बहुमत मिळाले. घोषणा हरली असेच तेव्हा सर्वांस वाटले. परंतु २७ एप्रिल १९६९ रोजी प्रांतांची पुनर्रचना व सिनेटची सुधारणा या प्रश्नावर त्याने सार्वमत घेतले, आणि मतदारांपैकी शेकडा ५२ हून अधिकांनी ‘नाही’ असा कौल दिला. दुसऱ्या दिवशी दुपारपासून आपण पदावरून दूर होत आहोत असे दोन ओळींचे निवेदन काढून त्याने सत्ता सोडली. रस्त्यावर म्हटलेले ‘पुरे’ मतपेटीतून पुन्हा आले, आणि मतपेटीतले त्याने ऐकले.

याच सुमारास आणखी एक प्रयोग सर्वतोमुखी झाला: ‘रा ल बॉल’. वरवर पाहता वाडगा काठोकाठ भरला असा त्याचा अर्थ, पण ‘बॉल’ या शब्दाला बोलीत एक अशिष्ट छटा असल्यामुळे शिष्ट घरांत तो प्रारंभी त्याज्य मानला जाई. पाहता पाहता त्याचे नाम बनले आणि जनतेच्या असंतोषाला वृत्तपत्रांनी तेच नाव दिले. ऑगस्ट २०१३ मध्ये तर अर्थमंत्री पिएर मोस्कोव्हिसी याने नभोवाणीवरील मुलाखतीत, करांविषयी लोकांना आलेल्या ‘रा ल बॉल’ची आपल्याला पूर्ण जाणीव आहे असे सांगितले. कर बसविणाऱ्या मंत्र्यानेच कर भरणाऱ्याचा गावरान शब्द तोंडी घेतला, म्हणून त्याची देशभर चर्चा झाली.

फ्रेंच शिकणाऱ्याने हे सारे प्रयोग पाठ करावे, परंतु त्यांची पायरीही पाठ करावी. दुकानात ‘सा इरा’, मेजावर ‘मेर्सी’, मित्रांत ‘झां ने मार’. ‘सा स्युफी’ मात्र ज्याला थांबविण्याचा आपल्याला अधिकार आहे त्याच्यापुढेच. हा नियम घरात, शाळेत आणि कचेरीत अद्याप जसाच्या तसा चालू आहे. नागरिक आणि राज्यकर्ता यांच्यामध्ये तो १३ मे १९६८ रोजी उलटला. ज्यांच्या पूर्वजांनी १७८९ च्या वह्यांत ‘कृपा करा’ असे लिहिले होते, त्यांच्याच वंशजांनी त्या दिवशी राष्ट्राध्यक्षाला मुलांना दटवावे तसे दटावले, आणि त्याबद्दल कोणाचेही मस्तक उडाले नाही.